ज्याचा त्याने आवाज द्यायचा

आवाजमामांनी उजवा हात वर केला की आमच्या कारखान्यात माणसं बोलता बोलता गप्प व्हायची. हेल्पर असो, केमिस्ट असो, नाहीतर खुद्द मॅनेजर साहेब. हात वर, मान डाव्या खांद्याकडे कललेली, डोळे मिटलेले. असे पाच-सहा सेकंद जायचे. हात खाली आला तर काही नाही, चालू द्या तुमचं. पण हात वरच राहिला आणि डोळे उघडले, की समजायचं, कुठल्यातरी पंपाचं बिनसलंय आणि आता काम थांबणार. आजही कुणी सहज हात वर केला, अगदी रिक्षा थांबवायला केला, तरी मी बोलायची थांबते.

मी परभणीची. सेफ्टीचा डिप्लोमा करून बोईसरला एका रसायनाच्या कारखान्यात लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते, आणि जगातलं सगळं आपल्याला येतं अशी माझी पक्की खात्री होती. डोक्यावर हिरवं हेल्मेट, काखेत फायलींचा गठ्ठा आणि जिभेला धार. आई म्हणायची, "हिच्या तोंडाला देवानं झाकणच दिलं नाही." मामा तिथे फिटर होते. केळव्याच्या शेजारच्या माहीमचे. माहीम म्हटल्यावर कुणी मुंबईतलं समजलं तर त्यांना राग यायचा. घराणं मासेमारीचं, पण यांनी मिसरूड फुटायच्या वयात जाळं सोडून पाना हाती धरला. अंगाने वाळक्या बोंबलासारखे, हे त्यांचंच म्हणणं. उजव्या कानाने जवळजवळ ठार बहिरे. "उजवा बॉयलरनं खाल्ला," असं सांगायचे, "डावा मी लपवून ठेवलाय."

त्यांचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. बाकी सगळ्यांना ते आवाजमामा. कारण त्यांचा सगळा कारभार या एका शब्दावर चालायचा. कुणाला बोलवायचं तर "त्याला आवाज दे." पंपाचं बेअरिंग जायला आलं तर "तीन नंबरला आवाज आलाय." बढाया मारणाऱ्याला "लय आवाज नको करू." कॅन्टीनमध्ये काही कुजबुज ऐकली की "असा आवाज हाय, सायेब बदलणार." कंत्राटी कामगारांचा विषय निघाला की मान हलवून म्हणायचे, "यांना आवाज नाय ना, बाय." बायको वारल्यावर पंधरा दिवसांनी कामावर आले. मी विचारलं, "घरी करमतं का हो मामा?" तर म्हणाले, "घराला आवाज नाय राहिला." आणि पाना उचलून गेले.

आमच्याकडे निम्मी माणसं जव्हार-विक्रमगडकडची, उरलेल्यांत कुणी बिहारचा, कुणी ओडिशाचा, कुणी माझ्यासारखा घाटावरचा. हाक मार म्हटलं तर बिहारच्या यादवला कळायचं नाही, पुकारो म्हटलं तर विक्रमगडकडचा देवराम बघत राहायचा. आवाज मात्र सगळ्यांना कळायचा. त्यामुळे मामांचा शब्द हळूहळू सगळ्या प्लांटचा झाला. मीही बोलायला लागले. परभणीला गेले की आई हसायची, "आवाज दे काय म्हणतेस, बोलव म्हण की!"

मामांच्या खिशात पेन नसायचं, पण हातात नेहमी हातभर लांबीची लोखंडी सळई असायची. एक टोक पंपावर टेकवायचं, दुसरं डाव्या कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. सकाळी आल्या आल्या सगळ्या पंपांना अशी फेरी. मी एकदा चेष्टेने म्हटलं, "मामा, डॉक्टर नाडी बघतात तसं चाललंय." ते हसले नाहीत. म्हणाले, "यंत्र आदी आवाज देतं, मग दगा देतं. माणूसही तसंच. आपण आयकत नाय, मग बोलतो अचानक झालं." हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं आणि विसरले. वहीत लिहिलेलं विसरायची मला सवयच आहे.

आमची पहिली चकमक माझ्या पहिल्याच आठवड्यात झाली. रिॲक्टर म्हणजे बंद तोंडाची, घराएवढ्या उंचीची लोखंडी टाकी. आत मोठा पंखा असतो, माल ढवळायला. टाकी धुवायला माणसं आत उतरवावी लागतात, आणि ती बाहेर आल्याची खात्री होईपर्यंत पंख्याची वीज तोडून तिला कुलूप घालतात. मी परवान्याचा कागद घेऊन उभी होते. दोन माणसं उतरली होती, दोघांच्या नावांपुढे सह्या झाल्या होत्या, काम संपलं होतं. मी ऐटीत म्हटलं, "दोघं बाहेर, कुलूप काढा." मामांनी हात वर केला.

"कोण बोलला दोघं बाहेर?"

"कागदावर आहे ना. मुकादमाने सही केलीय."

"बाय, कागद काय बोलतो ते नको सांगू. ते दोघं काय बोलतात ते सांग. देवरामला आवाज दे."

मी वैतागून ओरडले, "देवराम!" मुकादम लांबून म्हणाला, "आहे आहे, इथंच आहे." मी मामांकडे पाहिलं, आता तरी झालं का, अशा नजरेने. मामा जागचे हलले नाहीत. "दुसऱ्याचा आवाज चालणार नाय. ज्याचा त्यानं द्यायचा." देवराम नळावर हात धूत होता. तो ओल्या हाताने धावत आला, "देवराम हाय, मामा," म्हणाला, तेव्हा कुठे कुलूप निघालं. सगळ्यांसमोर माझी शोभा झाली. त्या दिवशी मी मामांशी बोललेच नाही. मनात म्हटलं, म्हातारा हटवादी आहे नुसता.

पण त्यांची ती पद्धत मला पाठ झाली, कारण करावीच लागायची. टाकीत माणूस असेल तर बाहेर एक जण उभा. दर थोड्या वेळाने बाहेरच्याने आवाज द्यायचा, आणि नुसता आवाज नाही, आपलं नाव सांगून. "आतल्याला कळाया पायजे, बाहेर कोण उभं हाय," मामा म्हणायचे. "नाव कळलं की जिवाला आधार राहतो." आतल्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं नाव सांगायचं. तोंडाने जमत नसेल, मशीनचा गलका असेल, तर लोखंडावर दोन ठोके. दोन ठोके म्हणजे मी आहे. "माणूस ठोकतो तो पण आवाजच," असं ते म्हणायचे. नव्या पोरांना यावरून हसू यायचं, पण मामांसमोर कुणी हसत नसे.

हा हट्ट त्यांच्या डोक्यात कुठून बसला, ते मी एकदाच विचारलं. चहाची वेळ होती. म्हणाले, लहानपणी वादळात गावच्या होड्या परत येत होत्या. किनाऱ्यावरून बायका एकेका होडीला नाव घेऊन विचारत होत्या. त्यांच्या चुलत्याची होडी दिसेना. शेवटच्या होडीतला कुणीतरी म्हणाला, "मागंच हाय, येतोय." झालं, लोक निवांत झाले, बत्त्या घेऊन घरी गेले. "तो खोटं नाय बोलला," मामा म्हणाले, "त्याला खरंच वाटला, मागं असंल. मायेनं बोलला. चुलती रडत होती ना." चुलता मागे नव्हता. एवढं सांगून मामांनी चहाचा घोट घेतला आणि यात साखर घालायला कुणी मनाई केलीय का, म्हणून कॅन्टीनवाल्यावर डाफरले.

आता माझ्या चुकीकडे येते. टाळत होते, पण मामांबद्दल लिहायचं आणि ती चूक लिहायची नाही, हे काही खरं नाही.

आमच्या कंत्राटी कामगारांत एक रीत होती. कुणाला दुपारी लवकर सटकायचं असलं, घरी कुणी आजारी असलं, विक्रमगडकडे जाणारी जीप गाठायची असली, तर सोबतचा त्याच्या नावावर हजेरी द्यायचा. मुकादमाने नाव घेतलं की कुठूनतरी "हाय" यायचं आणि खाडा टळायचा. आज तू माझ्यासाठी, उद्या मी तुझ्यासाठी. एकाच पाड्यावरची माणसं, एकाच खोलीत आठ-आठ जण राहणारी. त्यांच्या दृष्टीने ही लबाडी नव्हती, भावकी होती. मला ते माहीत होतं. मामांनी मला दोनदा बजावलं होतं, "बाय, ही हाय-हाय बंद कर. एक दिवस अंगाशी येईल." मी म्हटलं होतं, "मामा, हजेरी टाइम ऑफिसची. माझ्या खात्यात येत नाही." किती शहाणी होते बघा मी!

मार्चमधली दुपार. साडेतीनचा सुमार असेल. मी ऑफिसात फॉर्म भरत होते आणि भोंगा वाजला. सरावाचा भोंगा थांबून थांबून वाजतो. हा थांबेना. दार उघडलं तोच नाकात झणका शिरला. अमोनिया. मागच्या हॉलमध्ये थंडाव्याची मशीनं होती, त्यांच्या पाइपच्या जोडातली गॅस्केटची चकती फाटली होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी, घशात आग. सगळे वाऱ्याच्या उलट बाजूला, गेटजवळच्या झेंड्याखाली जमायला लागले. मी पॅड घेतलं आणि नावं वाचायला सुरुवात केली. त्या पाळीला अडतीस नावं होती.

मी भराभर वाचत गेले. नाव, "हाय", टिक. नाव, "हाय", टिक. डोळे चुरचुरत होते, वर बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर बघायची गरजच वाटली नाही. मॅनेजर साहेब शेजारी उभे राहून "लवकर, लवकर" करत होते. "देवराम." "हाय." टिक. अडतीस नावं, अडतीस वेळा टिक. मी म्हटलं, "सर, सगळे बाहेर आहेत." साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. माणसं बाहेर म्हणजे आता आत जायची घाई नाही. हॉलची दारं लावायची, बाहेरून पाण्याचे फवारे सोडायचे आणि अर्धा-पाऊण तास वास बसू द्यायचा.

गर्दीच्या टोकाला मामा उभे होते. त्यांचा उजवा हात वर होता.

साहेब म्हणाले, "मामा, आता काय?"

"तो देवरामचा आवाज नव्हता."

"मामा, लिस्ट पूर्ण झालीय. अडतीसच्या अडतीस."

"लिस्ट झाली असंल. देवराम नाय बोलला."

साहेब चिडले. घाबरलेला माणूस चिडतोच. "मामा, तुम्हाला एका कानाने ऐकू येत नाही, हा गोंगाट, आणि तुम्ही म्हणता आवाज नव्हता? दारं लावा रे!" दोघं दारांकडे निघाले. मामांनी साहेबांकडे पाहिलंच नाही. ते माझ्याकडे बघत होते. "बाय," ते म्हणाले, "ते नाव परत घे."

मला तो क्षण चांगला आठवतो आणि त्याची लाजही वाटते. माझ्या मनात पहिला विचार देवरामचा आला नाही. विचार आला की आता नाव परत घेतलं आणि मोजणी चुकली तर सगळ्यांसमोर माझी लक्तरं निघतील. नोकरीही जाईल. दोन सेकंद मी हा विचार केला. मग ओरडले, "दारं लावू नका! देवराम! देवराम कुठाय?"

कुणी बोललं नाही. चाळीस माणसं आणि नुसता भोंगा. मग किसन, देवरामच्याच पाड्यावरचा, दोन्ही हात डोक्याला लावून मटकन खाली बसला. "मॅडम, मी बोललो हाय. तो दुपारी बोलला, पोरीला ताप हाय, जातो. मना वाटला गेला आसल."

"जाताना बगितलास?" मामांनी विचारलं.

"नाय."

गेला असेल, आत असेल. कुणाला ठाऊक! साहेब म्हणत होते, गेला असणार, कंत्राटी माणसं अशीच जातात. आत माणूस पाठवायचा तर त्याच्याही जिवाशी खेळ, नक्की माहीत नसताना कसा पाठवू? ते अगदीच चुकीचं बोलत नव्हते. मामा मात्र चालत गेटवरच्या खोलीकडे गेले. आमच्याकडे फोन आत न्यायला बंदी. गेटवर लाकडी खणांचं कपाट आहे, जो तो आपल्या खणात फोन ठेवून आत जातो. मामा वॉचमनला म्हणाले, "देवरामचा खण दाव." वॉचमनने बोट दाखवलं. खणात फोन होता. मागचं झाकण सुतळीने बांधलेला, पडद्यावर पोरीचा फोटो. मामांनी तो बाहेर आणून साहेबांपुढे धरला. "फोन टाकून कोन गावाला जात नाय, सायेब."

मग साहेबांनीही वेळ घालवला नाही. यादव आणि आणखी एक जण, तोंडावर मुखवटा, पाठीवर हवेचे सिलिंडर, असे आत शिरले. पाच मिनिटांत यादव दाराशी परत आला. "मामा, कुछ दिखाई नहीं देता. सब सफेद है. किधर ढूँढें?" हॉल प्रचंड, मागे चार खोल्या, वर माळा. सिलिंडरमध्ये हवा मोजकी. एकेक खोली शोधत बसलं तर ती पुरणार नव्हती.

हॉलच्या बाहेरून, वाऱ्याच्या बाजूने, पाण्याची जाड पाइप भिंतीतून आत जाते आणि मागच्या सगळ्या खोल्यांतून फिरते. मामा तिथे गेले. मी मागोमाग धावले. त्यांनी सळईने पाइपवर ठोका दिला, एक, दोन. सळई पाइपवर टेकवली, दुसरं टोक डाव्या कानामागे. डोळे मिटले. हात वर. मी मागे वळून किंचाळले, "भोंगा बंद करा! कुणी बोलू नका!" भोंगा थांबला. मामांनी परत दोन ठोके दिले. काही नाही. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता, तो त्यांनी पुसला नाही. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेपासून सगळ्यांना नवस बोलले. तिसऱ्यांदा दोन ठोके.

मामांचे डोळे उघडले. "हाय."

"देवराम?"

"दोन ठोके हायत. बारीक." ते पाइपच्या कडेकडेने चालत पुढे गेले, जोडापाशी परत टेकवलं, मग पलीकडच्या फाट्याला टेकवलं. "या फाट्यावर जोरात हाय. टाकीच्या खोलीत हाय तो. यादव! पानी की टंकी का कमरा! सीधा पीछे, डावा हात!"

चार मिनिटांनी त्यांनी देवरामला बाहेर आणलं. जीप चुकली म्हणून तो टाकीच्या खोलीत, गारव्याला पडला होता. डोळा लागला. वास आला तसं दार लावून घेतलं, टाकीतल्या पाण्यात शर्ट भिजवून तोंडावर धरला आणि पाइपला बिलगून बसला. डोळे सुजलेले, खोकल्याने अंग पिळवटलेलं, पण जिवंत. ॲम्ब्युलन्समध्ये ठेवताना मामा त्याच्यावर वाकले. "आवाज दे रे." आणि त्या बाबाने, घसा सोललेला असताना, "देवराम हाय," म्हटलं. मी तिथेच ओक्साबोक्शी रडायला लागले. हेल्मेट घालून रडणारी बाई कशी दिसते कुणास ठाऊक.

नंतर चौकशी बसली. किसनला काढायचं असं जवळजवळ ठरलंच होतं. मला सोयीचंच होतं की ते, खोटी हजेरी त्याने दिली, मी काय करणार! तीन दिवस माझा अहवाल लिहून होईना. मामा टेबलापाशी आले आणि म्हणाले, "बाय, किसन 'हाय' बोलला. तू काय केलंस?" मी म्हटलं, "मी वर बघितलं नाही, मामा." "मग तेच लिव." मी तेच लिहिलं. मी नाव घेतलं, मान वर केली नाही, आवाज कुणाचा ते ओळखलं नाही, आणि ही रीत मला आधीपासून ठाऊक होती. मला कडक ताकीद मिळाली, ती अजून माझ्या फायलीत आहे. किसन राहिला. देवराम दोन महिन्यांनी पोरीला घेऊन पेढे वाटायला आला.

तेव्हापासून आमच्याकडे मोजणीला कुणी नुसतं "हाय" म्हणत नाही. ज्याने त्याने आपलं नाव सांगायचं, आणि घेणाऱ्याने त्याच्या तोंडाकडे बघायचं. नवे लोक म्हणतात, मॅडम फार वेळ लावतात. लावतेच मुळी.

मामा निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत त्यांना घशाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं, आवाज गेला. ज्या माणसाचं सगळं आयुष्य त्या शब्दावर चाललं, त्याचाच आवाज देवाने काढून घ्यावा! मी चिडून त्यांच्यासमोरच बोलून गेले. मामांनी पाटीवर लिहिलं, "कान ठेवला ना." वर स्वतःच हसले, आवाज न करता.

दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करायची. मी प्लांटमधल्या गमती सांगायच्या, कोण आलं, कोण गेलं, तीन नंबरचा पंप परत कुरकुरतोय. ते फोन खाटेच्या लोखंडी दांड्याजवळ धरायचे आणि सळईने ठोकायचे. दोन ठोके. मी आहे. तेवढं ऐकलं की माझा आठवडा निघायचा. ती सळई निवृत्तीच्या दिवशी आम्ही त्यांना गुपचूप बांधून दिली होती. कारखान्याची मालमत्ता होती, पण बोंबलू दे कुणाला बोंबलायचं ते.

या जानेवारीत एका रविवारी त्यांच्या मुलाने फोन घेतला. मधू त्याचं नाव, शांत माणूस. म्हणाला, "बाबा बरे हायत, ताई. झोपलेत."

"बरं," मी म्हटलं आणि फोन ठेवला. चहाचं आधण ठेवलं. आणि गॅसपाशी उभी असतानाच ते शब्द परत आठवले. बरे हायत. झोपलेत. मला किसनचं "हाय" ऐकू आलं. मधूही मायेनेच बोलला होता, मला त्रास नको म्हणून. मी गॅस बंद केला, चपला घातल्या. बोईसरहून पालघर, पालघरहून माहीमची रिक्षा. वाटेत रिक्षावाल्याला तीनदा म्हटलं, "दादा, जरा लवकर." तो म्हणाला, "ताई, बोट सुटणार हाय काय?" एरवी मी त्याला सणसणीत उत्तर दिलं असतं.

मामांच्या अंगणात चार-पाच माणसं बसली होती. मधू मला बघून उठला, त्याचा चेहरा पडला. "काल रात्रीपासून डोळे उघडत नायत, ताई. डॉक्टर बोलला, आता न्यायचा उपेग नाय. तुमाला कसा सांगू ते कळला नाय." मी त्याच्या जागी असते तर तेच केलं असतं.

आत मामा खाटेवर होते. एवढेसे झालेले. डोळे मिटलेले, तोंड उघडं, श्वास चालतोय की नाही ते बघायला वाकावं लागत होतं. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसले. सळई उशाशीच होती. "मामा," मी म्हटलं. काही नाही. "मामा, मी आलेय." काही नाही. बायका मागून म्हणाल्या, "नको बाय, आता नाय आयकत ते."

मग मला आठवलं. मी सळई घेतली आणि खाटेच्या दांड्यावर ठोकली. एक, दोन. त्यांच्या डाव्या कानाला तोंड लावलं. आतल्याला कळलं पाहिजे बाहेर कोण उभं आहे. इतक्या वर्षांत मी त्यांच्यासाठी बायच होते, माझ्या नावाचं कधी काम पडलं नव्हतं.

"वैशाली हाय, मामा," मी म्हटलं. "बाहेर मी उभी हाय."

बराच वेळ काही झालं नाही. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले, मान खाली घातली नाही. मग त्यांचं बोट हललं. चांदीची जुनी अंगठी दांड्याला लागली. एकदा. आणि थोडं थांबून, पुन्हा एकदा.